लीलाबाईची सही

(अमरावती जिल्ह्यातलं एक संत्र्याचं गाव. सकाळ. लीलाबाई दाराआड उभी, डोक्यावरून पदर. बाहेर खाटेवर गावचे पोलीस पाटील खुशालराव, तिच्या गेलेल्या नवऱ्याचे, उत्तमचे, मोठे भाऊ. मधे उंबरठ्यावर लीलाबाईची मुलगी आकांक्षा.)

खुशालराव : ...म्हणून म्हणतो, आकांक्षा, तुह्या माईले सांग, ठाण्यात जायाचं काई काम नाई. झालं ते झालं.

लीलाबाई : आकांक्षा, मोठ्या बाबाले सांग, मी दहाच्या बशीनं जाऊन राहिली.

आकांक्षा : मोठे बाबा, आई दहाच्या बशीनं जाऊन राहिली.

खुशालराव : ऐकू आलं मले. बहिरा नाई मी.

आकांक्षा : मग मले कायले उभं केलं मधात? बावीस वर्षं झाली हिले या घरात येऊन, अजून तुमच्यासंग बोलाले दुभाषा लागते!

खुशालराव : रीत हाय ते. भासऱ्यापुढं बाई तोंड उघडत नसते. तू अमरावतीले कालेजात गेली म्हणून रीत बदलत नाई. विचार तिले, ठाण्यात काहून?

लीलाबाई : सांग, तक्रार मागं घ्यायले. देवानंदले आज चार दिवस झाले कोठडीत.

आकांक्षा : अन् कोर्टात अजून उभं नाई केलं त्याले. चोवीस तासांत करा लागते, मोठे बाबा.

खुशालराव : मले कायदा नको शिकवू. थो पारधी हाय. त्याईले कोठडीचं काय नवल!

आकांक्षा : नवल नाई म्हणून मारावं काय? तळपाय सुजले त्याचे.

खुशालराव : म्या मारलं काय? तक्रार तुह्या माईची. सही कोणाची हाय तिच्यावर, विचार.

लीलाबाई : सही माही हाय. मजकूर त्याईचा हाय.

खुशालराव : वा! आता मजकूर माहा झाला.

लीलाबाई : आकांक्षा, तूच सांग त्याईले. म्या जाऊबाईजवळ एवढंच म्हटलं होतं, का बगीच्यातली तीस झाडं कोणीतरी खाली केली. दुसऱ्या दिवशी मोठे बाबा कागद घेऊन आले. जिथं बोट ठेवलं, तिथं म्या सही केली. भासऱ्याले 'वाचून दाखवा' कसं म्हणू? मान खाली घालून सही केली अन् चहा ठेवाले आत गेली.

आकांक्षा : अन् कागदात काय निघालं? आईनं म्हणे देवानंद पवारले पहाटे पोतं घेऊन पळताना पाहिलं!

खुशालराव : तसं लिहिल्याबिगर ठाण्यात कोणी हलत नाई. तुमच्याच मालासाठी केलं मी. उत्तम असता तर त्यानंही हेच केलं असतं.

लीलाबाई : त्याईचं नाव नको घ्या म्हणा. ते असते तर मले विचारलं असतं.

खुशालराव : बरं, मग चार दिवस गप्प काहून होती?

लीलाबाई : मले कालच समजलं. देवानंदची बायको आली होती, पार्बता. तारेच्या बाहेरच उभी राहिली. म्हणे, "बाई, तू कुठून पाहिलं माह्या मालकाले? थो दोन दिवस अकोल्याले होता. पोरीच्या जातीच्या दाखल्यासाठी आज्याच्या गावचा कागद आणाले गेलता." म्या काय सांगू तिले? लाज वाटली, आकांक्षा. जमिनीत गडप व्हावं अशी लाज वाटली.

खुशालराव : बाई रडली अन् ही पाघळली.

लीलाबाई : रडली नाई थे. रडली असती तर बरं झालं असतं.

आकांक्षा : आई, झाडाचं सांग ना त्याईले.

लीलाबाई : थे गेल्यावर म्या बगीच्यात गेली. रागाच्या भरात आधी नीट पाहिलंच नव्हतं. एकही फांदी मोडली नाई. सगळा माल कैचीनं तोडला, देठ बराबर ठेवून. शेंड्यापर्यंत झाड मोकळं. बुडाशी शिडी रोवल्याचे खड्डे हायेत, बांधावर गाडीच्या टायरांच्या चाकोऱ्या हायेत. हे तोडणाऱ्या टोळीचं काम हाय. देवानंदजवळ एक सायकल हाय, थेही चेन नसलेली.

खुशालराव : मग कोणं नेला माल?

लीलाबाई : मले माहीत नाई. माहीत नाई, एवढंच लिहायचं होतं कागदात.

आकांक्षा : पण मग गायरानातली पारध्यांची सात पालं उठवाची नोटीस कशी निघाली असती? नाई काय, मोठे बाबा? सोमवारपर्यंत जागा खाली करा म्हणे. चोरीचा संशय एकावर, अन् घरं सात जाणार.

खुशालराव : तू गप बस, पोट्टे! ग्रामपंचायतीचं काम हाय ते.

आकांक्षा : नोटिशीत आईच्या तक्रारीचा दाखला हाय. म्या वाचली. चौदा वर्षांपासून राहून राहिले ते. मतदान करतात, पोरं शाळेत जातात. कोणाचं गोदाम येऊन राहिलं गायरानावर, तेही सांगू काय?

खुशालराव : हे पाय, आकांक्षा. तुह्या माईले नीट समजावून सांग. तक्रार खोटी होती असं म्हटलं, तर केस तिच्यावरच होईन. गाव तिच्या दारात पाय ठेवणार नाई. तुह्या भावाच्या, शिवमच्या सोयरिकीचं कुठंतरी जमून राहिलं, ते मोडीन. अन् पुढच्या बहाराले तोडाले मजूर मिळतीन काय तिले? पारध्यांसाठी आपलं घर जाळून घेते काय, विचार!

आकांक्षा : आई, मोठे बाबा म्हणून राहिले—

लीलाबाई : ऐकलं म्या. आकांक्षा, तू बाजूले सरक.

आकांक्षा : आई?

लीलाबाई : सरक म्हणते ना. भाऊजी, मी तुमच्यासंगच बोलून राहिली.

खुशालराव : ...पदर घे डोक्यावर.

लीलाबाई : हाय पदर. तोंड उघडं केलं फक्त. केस माह्यावर होईन, होऊ द्या. न वाचता सही केली, तेवढा गुन्हा माहा हायच, अन् मी ठाण्यात तसंच सांगणार हाय. शिवमची सोयरीक मोडली तर मोडली. ज्या घराले खोटी साक्ष चालते, त्या घरची सून मले नको. अन् मजूर नाई मिळाले, तर देवानंद अन् पार्बताले शिकवीन कैची धराले.

खुशालराव : अन् मी? माही पाटीलकी जाईन, याचा इचार केला काय?

लीलाबाई : केला. काल आखी रात केला. तुमी आमाले उपाशी नाई ठेवलं, ते मी विसरली नाई. पण चार दिवस माणूस मार खाऊन राहिला, भाऊजी, माह्या नावानं. माह्या नावानं! तुमाले झोप लागत असन, मले नाई लागत.

खुशालराव : लीला, मी तुहा भासरा हाय.

लीलाबाई : हो. म्हणून तर पहिले घरात सांगितलं. आता ठाण्यात सांगते.