दारावरची गाठ

रंगाच्या दुकानातल्या रांगेत म्हातारा पेंटर टर्पेंटाइनची बाटली घेऊन उभा होता. त्याच्या मागे बहीण-भावाची जुंपली होती.

“ताई, बाबांची गाडी आहे ती! आत अस्सल शिसवी लाकूड आहे म्हणून जन्मभर मिरवलं त्यांनी.”

“मिरवलं असेल. मी काल पॉलिश पेपर मारला, तर दारांच्या चारही पट्ट्या निव्वळ पत्र्याच्या निघाल्या. वरचं लाकूड रंगवलेलं.”

“म्हणजे तू ते घासून टाकलंस?”

“टाकलं. पुन्हा रंगवीन.”

“तू?”

“मीच. बिस्किटांच्या दोन डब्यांवर हात बसवलाय.”

“बघितले ते डबे. लाकूड कसलं, दुरेघी वही वाटते!”

पेंटरला राहवेना. तो वळला.

“रंग ओला आहे तोवरच कोरडा ब्रश ओढायचा, बाई. मनगट सैल सोडा. हात थरथरला तर थरथरू दे. झाड काही फूटपट्टी लावून वाढत नाही.”

“काका, तुम्ही हे काम करता?”

“करायचो. गाडी हिरवी का? गोल दिव्यांची?”

“हो!”

“ड्रायव्हरच्या दारावर लाकडात असते तशी एक गाठ होती. डोळ्यासारखी.”

भाऊ म्हणाला, “होती ना. लहानपणी मी घाबरायचो तिला. हिने सगळ्यात आधी तीच घासली.”

“बरं केलंत,” पेंटर म्हणाला. “ती मला कधीच जमली नव्हती.”