मी न गेलेला सोमवार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या नोंदणी कचेरीचे दुय्यम निबंधकसाहेब, व्यासपीठावरील माझे ज्येष्ठ वकीलबंधू, सत्कारमूर्ती श्री. शालिकरामजी, त्यांच्या सौभाग्यवती वच्छलाबाई, बाहेर टिनाच्या छपराखाली बसून निम्म्या नागपूरची घरं कागदावर उतरवणारे अर्जनवीस मित्र, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

कूलर बंद करायला मीच सांगितलं. मे महिना आहे, घाम फुटेल, पण आज माझं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवं.

शालिकरामजी उद्यापासून रेकॉर्डरूममध्ये दिसणार नाहीत. दस्तांचं कोणतं पुस्तक कोणत्या रॅकवर आहे, हे त्यांना दिवे गेले तरी सांगता यायचं. एखादी म्हातारी यायची, तिला ना दस्ताचा नंबर ठाऊक ना साल. 'मोठ्या पुराच्या आदल्या वर्षी घेतलं होतं बाप्पा,' एवढंच सांगायची. तेवढ्यावर हे तिचा कागद काढून द्यायचे. असा माणूस या कचेरीला पुन्हा मिळेल का? मला शंका आहे.

मला भाषणाला का उभं केलं, तेही मी जाणतो. घर घेणाऱ्यांच्या शंका हा माझा हातखंडा विषय. वाचनालयात, महिला मंडळात मी वर्षानुवर्षं तेच प्रश्न ऐकतो. साठेखत झालं म्हणजे घर आपलं झालं का हो? नाही. तो विकण्याचा करार, मालकी येते ती खरेदीखत नोंदल्यावर. कार्पोरेशनच्या टॅक्स पावतीवर विकणाऱ्याचं नाव आहे, पुरे ना? नाही पुरे, पावतीनं कोणी मालक होत नाही. आणि सगळ्यात हमखास प्रश्न हा, की विकणारा आपल्या मोहल्ल्यातला भला माणूस आहे, तर तीस वर्षांचे जुने दस्त काहून तपासायचे?

तिथे मी एक हकिकत सांगतो. एका वकिलानं पूर्ण शोध घेतला नाही आणि एका बाईचं कसं नुकसान झालं, ती. तुमच्यापैकी कित्येकांनी ती ऐकली आहे, टाळ्याही वाजवल्या आहेत. त्या वकिलाचं नाव मी कधी घेतलं नाही. तो वकील मी.

सन अडुसष्ट. उमरेडहून आलेल्या, विणकर घरातल्या तुळसाबाई एक घर घेत होत्या. पुढे दोन खोल्या, मागे एक मोठी खोली. मागच्या खोलीत माग बसेल, म्हणून तर हे घर त्यांनी पसंत केलं. विकणारे भैय्याजी, गोड बोलणारा माणूस. गुरुवारी गुरुपुष्यामृत होतं. गुरुपुष्याला आपल्या कचेरीत केवढी झुंबड उडते, ते अर्जनवीसांना सांगायला नको. तुळसाबाईंना खरेदी त्याच दिवशी हवी होती. मी बुधवारी शोध घ्यायला आलो. एकोणतीस वर्षांची पुस्तकं पाहिली. अठ्ठावन्न सालचं जागेवर नव्हतं.

शालिकरामजी म्हणाले, "वकीलसाहेब, ते पुस्तक बायंडिंगले गेलं आहे. सोमवारी या, मी काढून ठेवतो. तोवर सही नका करू."

मला वाटलं, एका वर्षात काय होणार आहे? मी अहवालात 'तीस वर्षांचा शोध घेतला, घर निर्वेध आहे' असं लिहिलं आणि गुरुवारी मुहूर्त साधून दिला. पेढासुद्धा खाल्ला. सोमवारी मी आलो नाही.

अठ्ठावन्नच्या त्या पुस्तकात भैय्याजींनी मागची खोली आपल्या बहिणीला, इंदूबाईंना, नोंदलेल्या बक्षीसपत्रानं देऊन टाकलेली होती. सहा महिन्यांनी इंदूबाई तो कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. खोली गेली. माग सुटा करून पुढच्या खोलीत भिंतीला टेकवला, पुढे विकला. तुळसाबाईंनी मला विचारलं, असं कसं झालं जी? मी म्हणालो, ते पुस्तक कचेरीनं मला दाखवलंच नाही.

त्या थेट इथे आल्या. भरल्या खिडकीपाशी शालिकरामजींना म्हणाल्या, "तुह्या आळसापायी माहा माग उभा राहाले जागा नाही राहिली गा." हे मान खाली घालून ऐकत राहिले. मी दहा पावलांवर कडुनिंबाखाली उभा होतो आणि कोटाची बटणं लावत होतो.

चौकशी झाली. शालिकरामजींनी सोमवारची गोष्ट सांगितली, पण साक्षीदार कोण? माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी लिहिलं, 'सदर पुस्तक मला दाखवण्यात आलं नाही.' या वाक्यात एक शब्द खोटा नाही, बघा. वकिलीतली सगळी अक्कल मी त्या एका ओळीत खर्च केली. मग अहवालात पूर्ण तीस वर्षं कशी लिहिली, हे मला कोणी विचारलं नाही. त्यांच्या सेवापुस्तकात हयगयीचा शेरा पडला, काटोलला बदली झाली. तीन वर्षं त्यांनी पहाटेची बस धरली. ज्या पदावर तेव्हा होते, त्याच पदावरून आज निवृत्त होत आहेत.

परत आल्यावर यांनी मला कधी टाकून बोलल्याचं आठवत नाही. पुस्तक मागितलं की पुस्तक द्यायचे. फक्त चहा घेता का, असं पूर्वी विचारायचे, ते पुन्हा कधी विचारलं नाही. सोळा वर्षं मी त्या खिडकीशी शरमेनं उभा राहिलो आणि बाहेर जाऊन भाषणं दिली. मला माझी लाज वाटते.

अध्यक्षमहाराज, हे माझं प्रतिज्ञापत्र. खोटा अहवाल मी दिला, हे त्यात स्पष्ट आहे. आज संध्याकाळी यांचं सेवापुस्तक बंद होईल. त्याआधी तो शेरा काढण्यासाठी हे वर पाठवावं. वकील परिषदेला एक प्रत मी सकाळीच टाकली आहे.

तिसऱ्या रांगेत तुळसाबाई बसल्या आहेत. मीच निरोप धाडला होता, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. बाई, खिडकीपाशी तुम्ही यांना जे बोललात, ते मला ऐकवायला हवं होतं.

भाषण लांबलं, उकाड्यात तुम्हाला बसवून ठेवलं, आनंदाच्या प्रसंगी नको ते बोललो, एवढ्याची क्षमा सभेनं करावी. बाकीची क्षमा सभेकडे मागण्याची नाही आणि मिळालीच पाहिजे असंही नाही. आयोजकांनी मला बोलावलं, त्यांचे मनापासून आभार. पत्रिकेत शालिकरामजींना शाल-श्रीफळ देण्याचा मान माझ्या नावावर छापला आहे. माझा हात त्याला लावणं बरं नाही. तुळसाबाई, तुमच्या मनाला पटत असेल तर तुम्ही वर या. मी खाली तुमच्या खुर्चीवर बसतो.