आत्याची कॅन आणि माझा समुद्र

हसू नका रे, आधी ऐका. देवासला हॉलमध्ये समुद्र ठेवणारा मी एकटाच असेन. खाऱ्या पाण्याच्या त्या टाकीत मी एक अ‍ॅनिमोन आणलं. दिसायला फूल, पण आहे जिवंत प्राणी. पंधरा दिवसांत ते आक्रसून सुपारीएवढं झालं! टाकीतलं पाणी रोज थोडं आटायचं आणि मी इमानदारीने मीठ कालवलेलं पाणी वरून भरायचो, तरीही.

तेवढ्यात धरमपुरीहून आत्या आली. नेहमीसारखी नर्मदेच्या पाण्याची कॅन घेऊन. घरभर पाणी शिंपडून झालं आणि मी बघतोय तोवर तिने उरलेली कॅन टाकीत रिकामी केली.

"आत्या! मरेल ना ते!"

"मरायलाच टेकलंय. जाताना नर्मदामाईचं पाणी तरी पडू दे त्याच्या तोंडात."

दुसऱ्या दिवशी बघतो तर अ‍ॅनिमोन बशीएवढं फुललेलं! ते जिथून आणलं त्या इंदूरच्या दुकानदाराला मी फोन लावून झालेला प्रकार सांगितला. तो हसतच सुटला. "भिया, पानी उड़ता है, नमक थोड़ी उड़ता है! ऊपर से सादा पानी डालना था. तुमने तो अचार डाल दिया उसका."

मी मुकाट्याने आत्याला सगळं सांगितलं. तिला काडीचंही नवल वाटलं नाही.

"एरवी समुद्राला भेटायला माईला पार गुजरातपर्यंत जावं लागतं," ती म्हणाली. "तुझ्याकडे जवळ पडलं तिला."