साक्ष चालते, उपदेश चालत नाही

जय ख्रिस्त, मंडळी! टाळ थांबवा जरा. अहो पेटीवाले, तुम्हीसुद्धा बोटं आवरा. आज मी एक प्रश्न घेऊन उभा आहे, आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत कुणाला घरी सोडणार नाही! मागच्या बाकावरच्यांनी चपला शोधू नयेत!

प्रश्न असा – देवाचं वचन कुणाच्या तोंडून आलं म्हणजे ते देवाचं राहत नाही?

डोकं खाजवताय? बरं. मग आख्यान ऐका.

बोरखडी नावाचं एक गाव. तिथं शलोमी वाघचौरे नावाची मुलगी. बाप एसटीच्या डेपोत मेकॅनिक, आई नाही. पोरगी पदवी घेऊन घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, मला ईश्वरविज्ञानात मास्टर्स करायचंय. पाळक घडवतात त्या सेमिनरीत जायचंय."

झालं! मामा आला धावत. "अगं बीएड कर, नर्सिंगला जा! देवाचं शिकून बाईला काय करायचंय?"

ऐकलंत? देवाचं शिकून काय करायचंय! आणि हे बोलणारा माणूस दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा, बरं का! डोळे मिटून प्रार्थना करणारा! अहो, मग तुम्ही तिथं बसून करता काय – झोपता?

बाप मात्र बोलला, "जा बाळा. आम्ही गाड्या दुरुस्त केल्या, तू माणसं दुरुस्त कर." गेली. ग्रीक शिकली. हिब्रू शिकली – ती उजवीकडून डावीकडं वाचतात म्हणे! आपल्याला सरळ वाचताना घाम फुटतो. तिनं अभ्यासाला विषय घेतला क्षमेचा. खेड्यातली माणसं एकमेकांना क्षमा का करत नाहीत, आणि कधी करतात.

आता इकडं बोरखडीत काय? चर्चच्या पाळकांची बदली झालेली, नवे यायचे नाव घेईनात. मग उपदेश कोण करणार? शांतवनदादा कोल्हे! चर्चचा कारभार बघणारे मुख्य पंच. उंच माणूस, काळा कोट, आवाज असा की माइकची गरज नाही. सगळं होतं हो दादांकडं. फक्त सांगायला काही नव्हतं!

मग दादांनी काय करावं? शनिवार आला की शलोमीला फोन. "शलोमी बाळा, उद्याचं जरा सांग गं." आणि ती सांगायची! आपल्या गावची मंडळी उपाशी राहायला नको, म्हणून मन लावून सांगायची. रविवारी दादा पुलपिटावर, उपदेशाच्या त्या उंच जागी, चढून तेच म्हणायचे, आणि लोक म्हणायचे, "वा! दादांवर आत्मा उतरला!" आत्मा उतरला खरा, पण तो सेमिनरीच्या वसतिगृहातून आला होता, हे कुणाला ठाऊक?

एका रविवारी दादा म्हणाले, "शेजारच्या दारात मीठ मागायला जाताना लाज वाटत नाही, मग क्षमा मागायला का वाटते?" अहो, वर्षानुवर्षं बांधावरून न बोलणारे दोन सख्खे भाऊ त्या दिवशी गळ्यात पडून रडले. साऱ्या गावाला ते वाक्य पाठ झालं. आणि ते कुणाचं? शलोमीचं!

मग आली तिची शेवटची परीक्षा. सेमिनरीचा नियम – विद्यार्थ्यानं आपल्या गावच्या मंडळीत उपदेश करायचा, शिकवणारे सर समोर बसून ऐकणार. पास झाली तर पदवी, नाहीतर सगळे कष्ट मातीत. शलोमी दादांकडं गेली. "दादा, येत्या रविवारी पुलपिट द्याल?"

दादांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. "बाळा, आपल्यात बाईनं साक्ष दिलेली चालते. उपदेश चालत नाही. खाली उभी राहा, साक्ष दे, देवानं तुझं काय भलं केलं ते सांग. पुलपिटाचं नाव काढू नको."

अरे वा रे वा! तिची वाक्यं पुलपिटावर चालतात, ती चालत नाही! तिच्या हातची भाकरी खायची आणि तिला म्हणायचं, बाहेर बस! मला सांगा, संताप येत नाही तुम्हाला? मला येतो! आत्ता, इथं उभं राहून येतोय!

पण पोरगी समजूतदार. म्हणाली, खाली तर खाली. डॉक्टर थोरात सर आले, वही-पेन घेऊन बसले. तेसुद्धा म्हणाले, "कुठूनही बोल, मी शब्द ऐकायला आलोय." शलोमी उभी राहिली. विषय तिचाच, क्षमेचा. बोलता बोलता तोंडातून आलं, "शेजारच्या दारात मीठ मागायला जाताना..."

आणि मधल्या बाकावरून एस्तेरआजी ओरडली, "अगं पोरी, हे तर आमच्या दादांचं! दादांचं चोरून आम्हालाच ऐकवतीस?"

कुजबूज सुरू! "खरंच की!" "हेच शिकली का तिथं?" थोरात सरांचं पेन थांबलं. "शलोमी, हे तुझं नाही? दुसऱ्याचा उपदेश आपला म्हणून दिला तर सेमिनरीतून नाव काढून टाकतात, माहीत आहे ना?"

पोरीचं तोंड पांढरंफटक. बाप बाकावरून अर्धवट उठलेला. ती दादांकडं बघते. सांगा ना दादा! एक वाक्य – "तिचं आहे, मी घेतलं." मंडळी, एका वाक्यात त्या लेकराचं आयुष्य वाचणार होतं!

दादा काय करतात? दादा गाण्याचं पुस्तक चाळतात! बाईनं मंडळीत गप्प राहावं म्हणणारा माणूस स्वतः तोंडात मिठाची गुळणी धरून बसला! शलोमीलाही बोलता येत होतं हो. पण वडीलधाऱ्याला चारचौघांत उघडं कसं पाडायचं, म्हणून तिनं ओठ दाबून धरले. आणि लाज कुणाला वाटायला हवी होती?

तेवढ्यात बायकांच्या बाजूला कुणीतरी उठलं. कोण? जुनी माणसं बायकोला काय म्हणायची, आठवतं? 'आमची मंडळी'! तर मंडळी, मंडळीत दादांची मंडळी उठली! सगुणाकाकू! लग्न होऊन आल्यापासून ज्यांचा आवाज चर्चमध्ये फक्त गाण्यातच ऐकू आलेला.

"बाईनं साक्ष दिलेली चालते ना हो?" काकू म्हणाल्या. "मग मी देते. ह्यांना कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावतात. दर शनिवारी मी चुलीपाशी बसून ऐकते. पोरगी सांगते आणि हे लिहून घेतात. मिठाचं वाक्य तिचं आहे. देवासमोर सांगते."

"अगं, खाली बस!" दादा पुटपुटले.

"मी बसते," काकू म्हणाल्या. "तुम्ही उभे राहा."

उभं राहावं लागलं! "खरं आहे," दादा म्हणाले. बस, एवढंच. थोरात सरांनी शलोमीला खूण केली, "वर जा, पुढं बोल." ती पुलपिटावर चढली आणि तिथूनच उपदेश पुरा केला. पास झाली, पदवी मिळाली!

टाळ्या? थांबा! टाळ्या कसल्या वाजवता? पुढं काय झालं ते ऐका. चर्च सुटल्यावर सगळं गाव दादांचा हात हातात घेत होतं – "केवढं मोठं मन! चारचौघांत कबूल केलं!" शलोमीला कुणी पाणी विचारलं नाही. काकूंना तर लोक टाळून जात होते. आणि पाळकाच्या जागेसाठी शलोमीनं शब्द टाकला, तेव्हा पंच काय म्हणाले? "हुशार आहे, पण बाई आहे."

बोरखडीला नावं ठेवताय? ठेवा, ठेवा! पण आज दुपारी तुमच्या पंचांकडं जेवायला बसलो होतो. ते म्हणाले, "बुवा, आमची पाळकाची जागा कधीची रिकामी आहे, माणूसच मिळत नाही." मी विचारलं, कुणीच आलं नाही? म्हणाले, "एक आली होती सेमिनरीतून शिकून. चांगली बोलली. पण..." आणि मला वाढायला लागले. मंडळी, तो 'पण' मला गिळवला नाही, मी ताटावरून उठलो. ती बहीण आज इथं आलीय. त्या खांबाजवळ, जमिनीवर बसलीय. आख्यान माझं संपलं. शेवटची प्रार्थना मी करणार नाही, ती करेल, आणि वर पुलपिटावरून करेल! पंच, वाट सोडा.