हात न पोचलेलं निपल

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, मीच. अगं केव्हाची वाजतेय म्हणजे काय, ट्रॅक्टरखाली होते मी! उताणी… फोन खिशात, हात ग्रीसने माखलेले, उचलू कशाने? नाकाने?…

नाही, नाही, कुणाला काही लागलं नाही. तू उठू नकोस, प्लास्टरचा पाय उशीवरच ठेव. चांगली बातमी आहे… सापडलं!

काय म्हणजे? माप! ज्यातून ग्रीस आत भरतो, त्या निपलच्या आट्यांचं माप!…

हो, त्याच परदेशी ट्रॅक्टरचं. बागवाल्या काकांच्या… तोच गं, ज्याचं निपल काल फटकन उडून छताच्या पत्र्याला लागलं… तू घरी पडल्या पडल्या हसलीस, मी इथे काकांच्या तोंडाकडे बघत उभी होते. पांढराशुभ्र शर्ट होता गं त्यांचा. होता.

हो, हो… अगं ऐकशील तर सांगेन ना!… दादाचं मला माहितीये. आज येणार, किल्ली घेणार, वर्कशॉपचं गोदाम करणार. तूच मान डोलावलीस ना त्याच्यापुढे? 'हा ट्रॅक्टर जमला तर चालवा दोघी, नाही जमला तर किल्ली माझ्याकडे'… मी कुठे भांडतेय? मी सांगतेय की जमलं!

आता नीट ऐक. तू फोनवरून नि मी इथे, आपण काय केलं होतं? पुढच्या चाकाजवळचं जुनं निपल काढलं, मोजलं, दहा मिलिमीटर भरलं, तसंच नवं बसवलं. दोन वेढे गेलं नि अडकलं. आपण म्हटलं गंज असेल, आवळा पान्याने. आवळलं. ग्रीस गनचा दाब पडला की बाहेर!… दोनदा, हो, दोन्ही वेळा आपलंच डोकं.

अगं पण आपण नमुना म्हणून घेतलं ना, ते निपलच मुळात चुकीचं होतं!… आपल्या आधीच्या कुणीतरी दांडगाईने बसवलेलं. आणि आपण दोघी शहाण्या त्याचीच नक्कल करत बसलो!…

कसं म्हणजे? सकाळी शटर उघडताना डोक्यात आलं. या ट्रॅक्टरला आजवर कितीतरी मेकॅनिकांचे हात लागलेत. मग ज्याला कुणाचाच हात लागला नसेल, असं निपल कुठलं?… सांग बघू… छे, ते तर समोरच दिसतं, ते बदललंच असणार… बरोब्बर! रेडिएटरच्या खाली, पुढच्या आसाच्या मधल्या पिनचं! जिथे हात जात नाही, मान जात नाही आणि मेकॅनिकचं मन तर त्याहून जात नाही. 'तिथे ग्रीस मारलं का रे?' 'मारलं की!'… हो ना, आपणही तेच सांगतो. हळू बोल, भिंतीला कान असतील तर गिऱ्हाईकं जातील.

मग काय, घुसले… कोपर सोललं, ते सोड. चिखल नि जुन्या ग्रीसचा हा एवढा गोळा. खरवडला, रॉकेलने पुसला… आणि आत कारखान्याचा निळा रंग, ताई! निपलवर, त्याच्या बुडाशी, सगळीकडे! जन्मापासून कुणी सोडवलंच नव्हतं त्याला. कामचुकार लोकांचे उपकार बघ, सगळ्यांनी अंग चोरलं म्हणून ते वाचलं.

काढलं, अगदी हळूच. व्हर्नियरने जाडी मोजली… पावणेदहा मिलिमीटर! दहा नव्हेच! मग आटे मोजायची पात लावली. मिलिमीटरची एकही बसेना. इंचाची लावली… इंचाला अठ्ठावीस आटे! गपकन बसली… हो, पाइपचे आटे, नावाला एक अष्टमांश इंची नि बाहेरून भरतात पावणेदहा मिलिमीटर, तेच… मलाही खरं वाटेना. म्हणून तुझी ती युक्ती केली. दोन निपलं दाताला दात लावून ट्यूबलाइटसमोर धरली. दहाचं धरलं तर चौथ्या-पाचव्या दातापाशी उजेड दिसायला लागला. आपल्या डब्यातलं पाइपचं धरलं… काही नाही! एक फट नाही!

परदेशी आहे म्हणजे मिलिमीटरच, हे आपणच ठरवून मोकळ्या झालो होतो. ट्रॅक्टरला कुणी विचारलं?

पुढच्या चाकांजवळची भोकं? वरचे दोन आटे चावलेले, खालचे शाबूत. आटे पाडायचा टॅप फिरवला, लोखंडाचा कीस पुसून काढला. नवं निपल बोटांनी आत गेलं, ताई… बोटांनी! पान्याला शेवटचा अर्धा वेढा ठेवला फक्त.

थांब, थांब… दारात मोटार थांबली. दादाच… आत्ताच, हो! आणि काका आहेत बरोबर… ठेवू नकोस फोन! तू नुसती ऐक, मध्ये बोलू नकोस.

ये दादा… हो, आहे किल्ली, कुठे पळत नाही ती. आधी ही गन धर… नाही, तूच मार. मी मारली तर हातचलाखी म्हणशील… काका, तुम्ही जरा लांबच उभे राहा हं. आजचाही शर्ट पांढराच आहे.

ताई, मारतोय… धरलं… अजून मार दादा, जोर लाव… ते बघ, कडेने काळं निघालं! निघू दे, जुनं आहे ते… अजून… पिवळं! ताई, नवं पिवळं ग्रीस आलं बाहेर!… निपल? जागच्या जागी! हललंसुद्धा नाही!

अगं रडतेस काय वेडे?… मी नाही रडत… बरं बाई, रडतेय. हात बरबटलेत म्हणून डोळे पुसता येत नाहीत, एवढंच.

काय म्हणालात काका?… ताई, ऐकलंस? त्यांचे बाकीचे पाच ट्रॅक्टरही इकडेच पाठवतो म्हणताहेत! सगळे!…

दादा?… नाही, किल्लीचं नाव नाही काढलं अजून. गन हातात घेऊन तसाच बाहेर गेला. काकांच्या ड्रायव्हरला काहीतरी सांगतोय… थांब गं, ऐकू दे…

ताई… अगं, तो त्याला म्हणतोय, 'मोटार बाजूला घ्या, इथे ट्रॅक्टर लागतात. आमचं वर्कशॉप आहे हे'… हो! 'आमचं'! छाती बघायला हवी होतीस, केवढी फुगवलीय!… छे, मी काही बोलणार नाही. म्हणू दे, शंभरदा म्हणू दे…

बरं, ठेव आता. आत येऊन हाका मारतोय, पलीकडच्या चाकाचं राहिलंय म्हणे… नाही गं, मी नाही, तोच मारणार म्हणतोय! ठेवते!