कालवी जुव्यावर तीन तास

गुरुदास: दोन तास कमीच पडतील रे. डिचोलीहून पेडण्यापर्यंत गाडी हाकत आलो, ते काय बेटाला नुसता पाय लावून परतायला? मला सूर्यास्त बघायचाय.

बाबली: पात्रांव, कालवी जुवा केवढासा. चार माड, एक खडप आणि वाळू. दोन तासांत माणूस तीन फेऱ्या मारून कंटाळतो. आता साडेतीन झाले. साडेपाचला मी होडी घेऊन येतो तुम्हाला आणायला.

गुरुदास: सूर्य साडेसहाला बुडतो.

बाबली: बुडतो खरा. पण साडेपाचनंतर पाणी एवढं उतरतं की मधली वाळू उघडी पडते. होडी रुतते आणि चालत यावं तर कमरेइतका चिखल. मी रोज लोकांना नेतो, म्हणून सांगतो.

गुरुदास: भरती-सुकतीचं तू मला शिकवू नको. वीस वर्षं मुरगावला खनिजाच्या बार्जी सोडल्यात मी, एक भरती चुकली नाही. आज द्वितीया. तिथीची पाऊणपट, दीड. वर दोन तास घाल, साडेतीन. म्हणजे पाणी आत्ता कुठे पूर्ण भरलंय. सातपर्यंत तुझी होडी आरामात फिरेल. काय?

बाबली: वर दोन तास कशाला घातले, पात्रांव?

गुरुदास: घालायचेच असतात. आमच्या सुर्ल्याच्या धक्क्यावर हाच हिशोब.

बाबली: सुर्ल्याच्या धक्क्यावर तुम्ही होता?

गुरुदास: होता म्हणजे? माझ्या शिटीशिवाय तिथे एक ट्रक हलत नव्हता. का, तू आलेलास कधी तिकडे?

बाबली: आमचे सावंतवाडीकडचे लोक खाणीवर सगळीकडे जायचे. तुम्ही बाईंना घेऊन या, मग ठरवू.

गुरुदास: ठरवायचं काय त्यात? तीन तास. गाडीतून तिला उतरवून आणतो, गुडघे धरलेत तिचे. तोवर या चहावालीला चहा टाकायला सांग. तुझीच बायको ना?

गंगा: ऐकलं मी. टाकते.

बाबली: गेलो तो गाडीकडे. गंगा, ऐकलंस मा?

गंगा: ऐकलंय. हंय पेडण्यात वर दोन तास कोण घालीत नाय. दर्या आमच्या तोंडासमोर. नदीतसून सुर्ल्यापर्यंत पाणी चढाक दोन तास लागतत, म्हणान थंय घालतत. आणि धक्क्याच्या पायऱ्यो ओल्यो आसत, पाणी कधीचा उतारता. तेना नुसती नजर टाकल्यान असती तरी कळला असता.

बाबली: मिशी गेली, केस गेले. तोंडावरसून मी वळखूक नाय. पण तो हिशोब कानार पडलो आणि वळाखलंय तेका.

गंगा: मी शिटीवरसून वळाखलंय. ती शिटी माझ्या कानात आजून वाजता.

बाबली: चौदा वर्सां झाली, गो.

गंगा: माका वर्सां सांगू नकात. आपल्या कमलीच्या पायाक फुरसा चावला. तुमी तिका खांद्यार घेऊन त्या गुरुदासाच्या म्होरे उभे रवल्यात. एकच वाट आणि तिच्यार तीस ट्रक. तुमी म्हटल्यात, एक ट्रक खाली करून वळवा, डिचोलीक डॉक्टराकडे नेतंय. तेना आधी हातातला घड्याळ बघल्यान, पोरीकडे मागीर बघल्यान.

बाबली: म्हटल्यान, भरती गेली तर बार्ज रुतात. तीन तास थांब, मग वाट मोकळी करतंय.

गंगा: आणि चाय पाठवल्यान. दोन कोप. मी एक हातात घेतलंय. कित्याक घेतलंय तां माका आजून कळाक नाय. हातातली चाय निवली आणि मांडीवरची पोर निवली. बार्ज मात्र येळेर सुटली तेची.

बाबली: मी आता मुद्दाम काय करूक नाय, गंगा. तेका वळखायच्या आधीच साडेपाच सांगलंय.

गंगा: सांगल्यात. एकदा सांगल्यात तां झाला. आता परत सांगू नकात.

बाबली: साडेपाचाक पाणी गेला की साडेनवाक परत येतला. तो साडेसाक काठार येवन उभो रवतलो. साडेसा ते साडेनव.

गंगा: तीन तास.

बाबली: तीन तास. पण तेची बाईल आसा बरोबर. तिना आमचा काय वायट केल्यान?

गंगा: ती जावची नाय. बघा तुमी. गप रवा, इले ते.

गुरुदास: शालिनी, इथे बाकावर टेक. हे बघ, ही होडीत चढायला घाबरते. शिवाय तिला साखर आहे. सातला इंजेक्शन घेते आणि मग लगेच जेवावं लागतं. म्हणून तर म्हणतो, साडेसहाला परत.

गंगा: बाईंना माझ्याजवळ राहू द्या ना. गुडघ्याच्या माणसानं कशाला चिखलात पाय घालायचा? इंजेक्शन पर्समध्ये आहे ना? मग झालं. पावाचे गरम उंडे येतात पाचला, वर तिसऱ्यांचं कालवण आहे, वेळेवर वाढते. त्यांची काळजी करू नका.

गुरुदास: तीही म्हणते, तुम्ही जाऊन या. बरं, मी एकटाच जातो. पण काय रे, साडेसहा म्हणजे साडेसहा. मला कोणासाठी थांबायची सवय नाही.

बाबली: पाणी असलं की येतो, पात्रांव.

गुरुदास: पाणी असणारच. मघाशी हिशोब करून दिला ना तुला?

बाबली: दिलात.

गंगा: चहा झालाय. घेऊन जा.

गुरुदास: आता नको, ऊन उतरेल. ठेव, आल्यावर घेईन.

गंगा: ठेवते.

(होडी जाऊन रिकामी परत आली आहे. पाच वाजत आलेत. शालिनीबाई बाकावर डोळा लागून बसल्यात.)

बाबली: सोडलंय तेका. वाटेत विचारल्यान, मुलां किती.

गंगा: काय सांगल्यात?

बाबली: म्हटलं, एक होती.

गंगा: मग?

बाबली: मग काय नाय. म्हटल्यान, हंय हवा बरी आसा.

गंगा: ही बाय बरी आसा. तिका मी सांगलंय, घोवाक येवक साडेनव होतले, पाणी आडवा येतला. घाबरू नकात, काठार बसान रवतले, जीवाक काय होवचा नाय. ती म्हणता, तेंका थांबायची सवय नाय. म्हटलं, होतली.

बाबली: गंगा.

गंगा: काय?

बाबली: आजून पाणी आसा. आता निघालंय तर तेका हाडूक जमात.

गंगा: जमात.

बाबली: थंय दिवो नाय. पिवचा पाणी नाय. काळोख पडलो की पल्याडच्या रानात कोल्हे वरडाक लागतत. म्हातारो माणूस, घाबरतलो.

गंगा: घाबरांदे. साठीचो आसा तो. ती सहा वर्सांची होती, आणि ती सुदीक घाबरली होती. माका विचारी होती, आये, ट्रक कधी वळतलो. तुमी वर तेच्या पायार डोक्या ठेवी होतात, तुमका खंय ऐकाक येतला?

बाबली: ह्या तू माका कधी सांगूक नाय.

गंगा: आज सांगलंय. आता जावचा आसात तर जावा. मी तुमचो हात धरूचंय नाय. त्या दिवशी एक ट्रक वळवूक जमला असता, तां पण बघा आणि जावा.

बाबली: दोरी खंय आसा?

गंगा: तुमच्या पायाकडे. होडी बांधतात?

बाबली: बांधतंय.

गंगा: घट्ट बांधा.

बाबली: साडेनवाक कंदील घेऊन मीच जातलंय तेका हाडूक. तेवा विचारतलो, एवढो येळ कित्याक झालो. काय सांगू?

गंगा: सांगा, भरती चुकली. आणि सांगा, तुमची चाय कमलीच्या आयेन झाकून ठेवल्यान हा.