फ्रिजमधली माती

कौसल्या : तो डबा आत्ताच्या आत्ता काढ फ्रिजमधून. शी! दुधाच्या बाजूले ठेवला तू!

रुपाली : झाकण घट्ट आहे, आई. माती तापली तर आतले जंतू मरतात.

कौसल्या : मरू दे! गाव मेलेली ढोरं जथी फेकते, तथची माती हाये ते. तुह्या पणज्यानं दीक्षा घेतली अन् ढोरं ओढणं सोडलं. गावानं मजुरी बंद केली, तरी त्या कामाले परत गेला नाही. अन् तू नागपूरले पीएचडी करून तथीच माती खरवडत बसली?

रुपाली : या मातीतल्या एका जंतूत एन्झाइम सापडलंय. म्हणजे त्याचं हत्यारच समज. ते काय करतं, कोणालाच माहीत नव्हतं.

कौसल्या : अन् तुले कसं समजलं?

रुपाली : त्याचे साखरेसारखे खडे बनवले, त्यांवर एक्स-रे मारले. तेव्हा आकार दिसला. मधोमध एक खाच. तिच्यात काय बसतं तेच शोधत होते. दूध दिलं, मांस दिलं, ढिम्म. शेवटी शिंगाचा भुसा दिला, तर विरघळला!

कौसल्या : ईऽऽ! आत्ताच जेवली मी.

रुपाली : शिंग, केस, नखं. जे लवकर कुजत नाही, तेच कापतं ते. मी शोधलं, आई. सोमवारी सगळ्या विभागापुढं सांगायचं होतं.

कौसल्या : होतं म्हंजे?

रुपाली : मी परत जात नाही.

कौसल्या : काहून? काय झालं?

रुपाली : माझ्या गाईड सरांना अजून माती पाहिजे होती. माझ्यासोबत शिकणारा ओम निघालाच होता. सर म्हणाले, ‘तू राहू दे. रुपालीला पाठवू, तिच्या लोकांच्या रक्तातच आहे हे काम.’

कौसल्या : सगळ्यांसमोर?

रुपाली : सगळे हसले.

कौसल्या : अन् तू?

रुपाली : डबा घेतला, बसमध्ये बसले. माती खरवडताना तिथल्या घाणीनं काही झालं नाही मला. ते हसणं आठवलं अन् ओकारी आली.

कौसल्या : थू त्याच्या शिकण्यावर! तू नाही गेली तं सोमवारी कोण सांगन?

रुपाली : सरच. स्वतःच्या नावानं.

कौसल्या : मंग सकाळच्या गाडीनं नीघ. मले या मातीची किळस येतेच, येत राहीन. पण तू जाय. तुवा काय शोधलं ते सांग, अन् तो काय बोलला तेही सांग. तथीच, सगळ्यांसमोर.

रुपाली : अन् मग त्याच्याच हाताखाली राहू?

कौसल्या : राहाय. काम पुरं कर. फक्त त्याच्या हातचं पाणी पिऊ नोको.